हेसन म्हणजे घाई करणं नाही, मग काय?

तुमचा प्रश्न असा आहे की इंग्रजी 'हेसन' (स्पेलिंग एचएएसटीईएन) या शब्दाचा अर्थ डिक्शनरीत 'घाई करणे, त्वरा करणे' असा दिलाय, पण तो घेऊन वाचलं तर वाक्यच लागत नाही. तुम्ही दोन वाक्यं दिलीत, 'द न्यूज हेसन्ड हिज रिटर्न' आणि 'आय हेसन टू अ‍ॅड दॅट नोबडी वॉज हर्ट'. शिवाय विचारलंय की यात टी उच्चारायचा का, हरी आणि रश यांच्यापेक्षा हा वेगळा कसा, आणि ऑफिसच्या मेलमध्ये 'प्लीज हेसन' लिहिलं तर चालेल का. मी पंचवीसेक वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते, त्यातली बरीच वर्षं नवीन भाषांतरकारांची कामं तपासण्यात गेली, आणि हा शब्द दिसायला इतका साधा असूनही किती वेळा चुकतो हे मी बघितलंय, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी उच्चार, तो लगेच संपतो. टी सायलेंट आहे. 'हेस्टन' नाही, 'हेसन'. मूळ शब्द 'हेस्ट', त्यात टी स्पष्ट म्हणतात, पण पुढे 'ईएन' लागलं की तो गिळला जातो. हे एकट्या याच शब्दाचं नाही, मॉइस्टचं मॉइसन होतं, फास्टचं फासन, सॉफ्टचं सॉफन, आणि लिसन, ग्लिसन, क्रिसन हे सगळे त्याच रांगेतले. 'ऑफन'मध्ये मात्र हल्ली बरेच जण टी म्हणतात आणि दोन्ही उच्चार चालतात. 'टंगस्टन' या रांगेत बसत नाही कारण तो स्वीडिशमधून आलेला जोडशब्द आहे, टुंग म्हणजे जड आणि स्टेन म्हणजे दगड, त्यामुळे तिथला टी जागेवर राहिला.

आता अर्थ. डिक्शनरी चूक सांगत नाहीये, अपुरं सांगतेय. मराठीत 'घाई' आपण कशी वापरतो ते आधी बघा. 'घाईत चष्मा राहिला', 'एवढी कसली घाई', 'घाई नडली', आणि त्याहून कडक म्हणजे 'घिसाडघाई'. या प्रत्येक ठिकाणी वेगाबरोबर एक ठपका येतो, की थांबायला हवं होतं, नीट करायला हवं होतं. इंग्रजीत हा ठपका 'हेस्ट' या नामात आहे आणि 'हेस्टी' या विशेषणात तर ठासून भरलाय. दोन मिनिटांत घेतलेला एकच निर्णय, पटला तर लोक त्याला 'क्विक' म्हणतात आणि नाही पटला तर 'हेस्टी', म्हणजे मराठीत एक झटपट आणि दुसरा उतावळा. 'अन्ड्यू हेस्ट' म्हणजे नको इतकी घाई. 'हेस्टी रिट्रीट'ला तर आपल्याकडे तयार वाक्प्रचारच आहे, काढता पाय घेणे. पण तोच शब्द 'हेसन' असं क्रियापद होऊन आला की ठपका गळून पडतो. हेसन करणारा माणूस उतावळा नसतो, बहुतेकदा तत्पर असतो, आणि कित्येकदा तर तिथे माणूसच नसतो, एखादी घटना असते. त्यामुळे माझा अनुभव असा की हेस्टसाठी 'घाई' बहुतेक वेळा चालते आणि हेसनसाठी जवळजवळ कधीच चालत नाही, एकाच घरातले शब्द असूनही.

घर निघालंच आहे तर, हेस्ट इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून. फ्रेंचमध्ये पुढे त्यातला एस गळाला आणि आता ते तो 'आत' असा म्हणतात, गेलेल्या एसची खूण म्हणून अक्षरावर टोपी तेवढी राहिली. फ्रेंचमध्ये एस गेला, इंग्रजीत हेसन करताना टी गेला. त्याच्याही मागे जर्मानिक भाषांमधलं जे मूळ आहे त्यात जोर, हिंसा असा अर्थ होता, त्यामुळे हेस्टमध्ये तो धसमुसळेपणा अजून जाणवतो तो उगाच नाही.

तुमचं पहिलं वाक्य घेऊ. 'द न्यूज हेसन्ड हिज रिटर्न'. यात घाई कुणाला आहे? बातमीला नाही, परतण्याला तर असूच शकत नाही, आणि तो माणूस घाईत होता की शांतपणे बॅग भरून निघाला हे वाक्यात सांगितलेलंच नाही. सांगितलंय एवढंच की परतणं ज्या दिवशी होणार होतं त्याच्या आधी झालं. मराठीत आपण एखादी गोष्ट 'पुढे ढकलतो' ना, त्याच्या बरोबर उलटं म्हणजे 'अलीकडे आणणे', आणि हेसनच्या पुढे कर्म म्हणून घटना आली की त्याचा अर्थ हाच असतो, घटना अलीकडे आणणे. मग वाक्य होतं, 'बातमी कळली आणि तो ठरल्यापेक्षा लवकर परतला'. बघा, घाई नाही, त्वरा नाही, 'ठरल्यापेक्षा लवकर' या दोन शब्दांत सगळं आलं.

हे 'पुढे ढकलणे'च्या उलट असणं मी माझ्या मनाने म्हणत नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे जिवावरच्या आजारात त्रास कमी करण्यासाठी जे उपचार करतात त्यांची जी व्याख्या केली, त्यात हेसन आणि पोस्टपोन हे दोन शब्द शेजारीशेजारी येतात, की या उपचारांचा हेतू मृत्यू हेसन करण्याचाही नाही आणि पोस्टपोन करण्याचाही नाही. हे वाक्य एकदा माझ्यापुढे आलं होतं, पेशंटच्या घरच्यांना द्यायच्या एका माहितीपत्रकात. नवीन भाषांतरकाराने लिहिलं होतं, 'या उपचारांमध्ये मृत्यूची घाई केली जात नाही'. डिक्शनरीप्रमाणे यात खोट काढता येत नाही. पण ज्याच्या हातात ते पत्रक पडणार त्याचं माणूस आत झोपलंय, आणि 'मृत्यूची घाई' हे शब्द वाचून त्याच्या मनात पहिलं काय येईल, तर कुणालातरी घाई असू शकते. मी ते खोडलं आणि 'मृत्यू लवकर ओढवत नाही' लिहिलं, मग तेही खोडलं, कारण 'ओढवणे' आपण संकटाबद्दल म्हणतो आणि ते म्हटलं की कुणाचीतरी चूक आहे असं वाटतं. शेवटी जे छापलं गेलं ते असं होतं, 'हे उपचार मृत्यू लवकर यावा म्हणून नसतात आणि लांबावा म्हणूनही नसतात. जितके दिवस आहेत ते कमी त्रासाचे जावेत म्हणून असतात'. एका क्रियापदासाठी अर्धा तास गेला, पण त्या अर्ध्या तासाबद्दल मला आजही वाटतं की तो द्यायलाच हवा होता.

इथे एक जण हमखास विचारतो की मग अ‍ॅक्सिलरेट आणि हेसन एकच ना. जवळचे आहेत, एक नाहीत. अ‍ॅक्सिलरेट म्हणजे चालू असलेल्या गोष्टीचा वेग वाढवणे, हेसन म्हणजे तिचं टोक जवळ आणणे. गंज लागण्याची क्रिया खाऱ्या हवेत अ‍ॅक्सिलरेट होते, आणि त्यामुळे पुलाचा शेवट हेसन होतो. पुलाचा शेवट काही वेगाने होत नाही, तो लवकर येतो. म्हणूनच हेसनच्या पुढे येणारी नामं बघितलीत तर बहुतेक शेवटाकडची किंवा बदलाची असतात, डिक्लाइन, कोलॅप्स, एंड, डेथ, डिपार्चर, आणि चांगल्यापैकी रिकव्हरी. 'हेसन द डे' असंही म्हणतात, तो दिवस लवकर उजाडो अशा अर्थाने.

दुसरं वाक्य. हेसनच्या पुढे 'टू' आणि क्रियापद आलं की अर्थ सरकतो. 'शी हेसन्ड टू रिअश्युअर हिम' म्हणजे तिने लगेच त्याला धीर दिला, वेळ न घालवता, त्याच्या मनात नको ते यायच्या आत. 'तिने धीर देण्याची घाई केली' असं लिहिलंत तर मराठी वाचकाला वाटेल की धीर द्यायला नको होता, अर्थ उलटाच झाला. आणि 'आय हेसन टू अ‍ॅड' हा तर ठरून गेलेला वाक्प्रयोग आहे. समजा कुणी सांगतंय की काल आमच्या बिल्डिंगमध्ये आग लागली, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा बदललेला दिसतो, तेव्हा लगेच पुढे 'आय हेसन टू अ‍ॅड दॅट नोबडी वॉज हर्ट'. बोलणाऱ्याला आपल्याच आधीच्या वाक्याने होऊ शकणारा गैरसमज थांबवायचा असतो. आता हेच आपण मराठीत कसं बोलतो? 'आग लागली होती काल, पण कुणाला काही झालं नाही हं'. तो शेवटचा 'हं' आहे ना, अख्ख्या 'आय हेसन टू अ‍ॅड'चं काम तो एकटा करतो. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा फार आनंद झाला होता, कारण तोपर्यंत मी 'येथे नमूद करणे आवश्यक आहे की' असलं काहीतरी जड लिहीत होते. छापील मजकुरात 'हं' शोभत नसेल तर 'कुणालाही इजा झाली नाही, हे आधी सांगते' किंवा 'गैरसमज नको म्हणून लगेच सांगते' हे दोन्ही चांगले चालतात.

तिसरा एक वापर आहे, हेसन आणि पुढे जागा. 'ही हेसन्ड टू द डोर'. हा आता पुस्तकी झालाय, बोलताना लोक हरीड किंवा रश्ड म्हणतात. कथेत आला तर मराठीत 'लगबगीने दाराकडे गेला' लिहा. लगबग हा फार गोड शब्द आहे, त्यात वेग आहे, उत्सुकता आहे आणि दोष अजिबात नाही.

आता हरी. हरी आणि हेसन यांच्यात सगळ्यात मोठा फरक हा की हरी माणसाला लागतो. 'डोन्ट हरी मी' म्हणता येतं, 'डोन्ट हेसन मी' नाही म्हणता येत, आणि 'हेसन अप' असं काही इंग्रजीत नाहीच. 'हरी अप'चं भाषांतर 'घाई कर' असं सबटायटल्समध्ये सर्रास दिसतं आणि मला ते दरवेळी खटकतं, कारण कुठल्याही घरात आई दारात उभी राहून मुलाला 'घाई कर' म्हणत नाही. ती म्हणते आटप, आवर लवकर, चल चल, पाय उचल. 'आवर' आणि 'आटप' यांत काम पुरं करण्याचा अर्थ आहे, 'पाय उचल' चालण्याच्या वेगाबद्दल आहे, म्हणजे कोण कुठे अडकलंय ते बघून शब्द निवडावा लागतो, इंग्रजी सगळ्यांना एकच देते. 'नो हरी' मात्र अगदी सरळ 'घाई नाही' असंच येतं, तिथे शंका नको.

एक खोडा (खरंच फसवणारा) म्हणजे नकारार्थी वाक्यातला 'इन अ हरी'. 'यू वोन्ट फर्गेट दॅट इन अ हरी' याचा घाईशी काही संबंध नाही, अर्थ आहे 'ते तू सहजासहजी विसरणार नाहीस'. आणि 'आय वोन्ट गो देअर अगेन इन अ हरी' म्हणजे 'मी काही परत त्या वाटेला जायची नाही'. हे मी चांगल्या अनुभवी लोकांच्या कामातही 'घाईघाईत विसरणार नाहीस' असं झालेलं पाहिलंय.

रशबद्दल थोडक्यात, त्यात वेगापेक्षा जोर आणि लोंढा जास्त आहे, पाणी रश होतं, गर्दी रश होते. 'रश्ड टू हॉस्पिटल'ला तातडीने हॉस्पिटलमध्ये नेलं, 'रश जॉब'ला परिस्थिती बघून तातडीचं काम किंवा घिसाडघाईने उरकलेलं काम. तातडी आणि घाई या दोन शब्दांमधला फरक इथे नीट वापरा, तातडी कामाची असते, घाई माणसाची असते.

ऑफिसात जो शब्द तुम्हाला खरा लागणार आहे तो एक्स्पेडाइट. हा माझा आवडता, कारण त्याच्या पोटात पाय आहे. लॅटिनमध्ये पेस म्हणजे पाय, आणि एक्स्पेडीरे म्हणजे अडकलेले पाय मोकळे करणे. त्याच्या उलट इम्पेडीरे, पायांना बेडी घालणे, त्यावरून इंग्रजी 'इम्पीड'. आता मराठी बघा, कामात अडथळा आणला की आपण म्हणतो 'खोडा घातला', आणि खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवायची लाकडी चौकट. आणि अडकलेलं काम सुटलं की 'मार्गी लागलं'. म्हणजे दोन भाषांनी एकमेकींना न विचारता हेच चित्र काढलंय. त्यामुळे 'एक्स्पेडाइट द मॅटर'ला 'प्रकरण त्वरित निकाली काढावे' असं लिहिण्याआधी 'प्रकरण लवकर मार्गी लावा' हे बोलून बघा, बहुतेक वेळा तेच बसतं. एक्स्पेडाइट फक्त कामाला, प्रक्रियेला, डिलिव्हरीला लागतो, माणूस घरी एक्स्पेडाइट होत नाही आणि मृत्यूही नाही.

आणखी एका शब्दाबद्दल सांगते कारण त्याने एक म्हण फसवी होते. 'मोअर हेस्ट, लेस स्पीड'. आजच्या अर्थाने वाचलं तर वाटतं घाई जास्त केली की वेग कमी होतो, आणि तसा अर्थ लागतोही. पण जुन्या इंग्रजीत स्पीडचा मुख्य अर्थ वेग नव्हता, यश, भरभराट असा होता. निरोप देताना म्हणतात तो 'गॉडस्पीड' त्याच अर्थाचा, देव तुला यश देवो. म्हणीचा मूळ रोख असा की घाई जितकी जास्त तितकं काम कमी साधतं. १५४६ मध्ये जॉन हेवूड यांनी इंग्रजी म्हणी एकत्र करून छापल्या त्यातही ही आहे, आणि हेस्टने वेस्ट होतं ही दुसरी म्हणही आहे. त्याच शतकात पत्रावर 'हेस्ट, पोस्ट, हेस्ट' असं लिहायचे, पोस्ट म्हणजे डाक नेणारा स्वार, त्याला सांगणं की थांबू नकोस. त्यावरून पुढे 'पोस्टहेस्ट' हा एक शब्द झाला, ताबडतोब या अर्थाचा, आणि यात हेस्ट असूनही ठपका नाही.

वेगाचे शब्द किती महाग पडू शकतात याचं मला माहीत असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १७ मे १९५४ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने ब्राउन खटल्यात निकाल दिला की सरकारी शाळांमध्ये काळ्या आणि गोऱ्या मुलांना वेगळं ठेवणं घटनेविरुद्ध आहे. ते कसं आणि किती दिवसांत थांबवायचं यावर दुसरा निकाल ३१ मे १९५५ ला आला, आणि त्यात शब्द होते, 'विथ ऑल डेलिबरेट स्पीड'. डेलिबरेट म्हणजे विचारपूर्वक, सावकाशीने, आणि स्पीड म्हणजे वेग. तारीख नाही. दक्षिणेतल्या राज्यांनी डेलिबरेट तेवढं वाचलं आणि वर्षानुवर्षं काम लांबवलं. १९६४ मध्ये त्याच कोर्टाला म्हणावं लागलं की नुसत्या डेलिबरेट स्पीडची वेळ संपली, आणि १९६९ मध्ये कोर्टाने जे शब्द वापरले ते होते 'अ‍ॅट वन्स', लगेच, आत्ता. पहिल्या निकालानंतर पंधरा वर्षांनी. १९५४ मध्ये शाळेत बसलेली मुलं तोवर शाळा संपवून बाहेरही पडली होती. 'विथ ऑल डेलिबरेट स्पीड'चं मराठी मी 'सर्व बाजूंनी विचार करून पण शक्य तितक्या तत्परतेने' असं केलं होतं आणि ते लांबलचक झालं तरी तसंच ठेवलं, कारण त्यातली पळवाट भाषांतरातही दिसायला हवी.

आता तुमचा मेल. 'प्लीज हेसन' एवढंच लिहू नका, हेसनला पुढे काहीतरी लागतं. 'प्लीज हेसन द अप्रूव्हल' व्याकरणात बसतं पण वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं वाटतं, असं कुणी लिहीत नाही. 'प्लीज एक्स्पेडाइट' लिहितात, पण नुसतं तेवढंच एका ओळीत पाठवलं तर समोरच्याला ते दटावल्यासारखं लागतं, वरिष्ठांना तर मुळीच पाठवू नका. 'एएसएपी'चं मराठी 'लवकरात लवकर' अगदी चपखल आहे, पण दोन्हीत अडचण तीच, पाठवणारा 'आत्ता' म्हणून लिहितो आणि वाचणारा 'जमेल तेव्हा' म्हणून वाचतो. काम कशासाठी अडलंय ते आणि वार-वेळ लिहा. परवाच मी लिहिलं ते असं होतं, 'कुड यू सेंड द साइन्ड कॉपी बाय थर्सडे नून? इट गोज टू प्रिंट अ‍ॅट टू'. बुधवारी संध्याकाळी कॉपी आली.